साधनशुद्धी

भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकविली, असे आदिपुराणात सांगितले आहे : असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. व्यापारी घरांत यांपैकी वाणिज्य पिढ्यान्पिढ्या नांदते आणि मसि, म्हणजे लेखणी व हिशेब, त्याच्या सोबतीला असतेच. शिल्पाशी संबंध उरतो तो बहुधा खरेदी-विक्रीपुरता. वस्तू कोणी घडवली आणि कशाने घडवली, हा प्रश्न गल्ल्यावर क्वचितच विचारला जातो. म्हणूनच घरातला एखादा मुलगा जेव्हा म्हणतो, "मला गिटार विकत नको, मी ती स्वतः बनवणार, आणि त्यासाठी लागणारी निम्मी हत्यारेही मीच करणार," तेव्हा जेवणाच्या पंगतीत क्षणभर शांतता पसरते. मग वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न येतो, "का रे, बाजारात मिळत नाहीत का?"

प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याला उत्तरही व्यवहाराचेच द्यावे लागते. बाजारात हत्यारे मिळतात. परंतु गिटारीसारख्या नाजूक वाद्याला जी साधने लागतात, त्यांतील कित्येक त्या एकाच वाद्याच्या आकाराची, त्या एकाच कारागिराच्या हाताच्या मापाची असतात. ती दुकानात नसतात, किंवा असली तरी परक्याच्या मापाची असतात. म्हणूनच जगभरातील गिटार-कारागीर वाद्याआधी साधन घडवीत आले आहेत.

टोरेस यांची पुठ्ठ्याची गिटार

आजच्या अभिजात गिटारीला तिचे रूप दिले ते स्पेनमधील अंतोनियो दे टोरेस यांनी. १८१७ मध्ये आल्मेरियाजवळ जन्मलेले टोरेस मुळात सुतारकाम शिकलेले होते. पुढे सेव्हिल शहरात त्यांनी गिटारी घडवल्या. गिटारीचा आवाज प्रामुख्याने तिच्या वरच्या पातळ फळीतून येतो, असा त्यांचा विश्वास होता. तो सिद्ध करण्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी एक गिटार अशी केली की, तिची वरची फळी लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. ती गिटार आजही बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयात जतन केलेली आहे.

व्यापारी वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. एवढा थोर कारागीर, पण गिटारींवर संसार भागेना. १८७० च्या सुमारास टोरेस आल्मेरियाला परतले आणि त्यांनी चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान थाटले. काही वर्षांनी दुकान सांभाळत त्यांनी पुन्हा गिटारी घडवायला आरंभ केला आणि १८९२ मध्ये निधन होईपर्यंत ते काम सोडले नाही. वाणिज्य आणि शिल्प ही दोन्ही कर्मे एकाच छपराखाली नांदू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

कामट्या, रिळे आणि जुनी करवत

स्पॅनिश पद्धतीत गिटार ज्या फळीवर घडते, तिला 'सोलेरा' म्हणतात. ही गिटारीच्या आकाराची जाड, सपाट फळी. मात्र मधोमध ती अगदी किंचित, दोन-तीन मिलिमीटर, खोलगट कोरलेली असते. गिटार तिच्यावर पालथी ठेवून जुळवली जाते, त्यामुळे वरच्या फळीला तेवढाच हलका फुगवटा येतो. हा फुगवटा किती असावा, हे कारागीर आपल्या अनुभवाने ठरवतो. सोलेरा ही त्या निर्णयाची लाकडात केलेली नोंद होय.

गिटारीच्या कमनीय कडा सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या वाकवण्यासाठी आतून तापवलेली लोखंडी नळी वापरतात. नळीवर पाण्याचा थेंब टाकला असता तो न पसरता नाचत घरंगळला, की ती पुरेशी तापली असे समजावे. ओलसर पट्टी नळीवर टेकवून हलका दाब देत राहावे. लाकडातील तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य उष्णतेने मऊ पडते, तो क्षण बोटांना कळतो आणि पट्टी वळू लागते. घाई केली तर ती मोडते. ही नळी भंगारातील तुकड्यातूनही करता येते. शिकावा लागतो तो दाब.

गोंद लावलेल्या पट्ट्या फळीवर दाबून धरण्यासाठी तर अत्यंत साधी युक्ती आहे. वर एक फळी आणि खाली एक फळी असा मांडणीसारखा सांगाडा करायचा, मध्ये वाद्य ठेवायचे, आणि वरच्या फळीपासून वाद्यापर्यंतच्या अंतराहून थोड्या लांब अशा बांबूच्या कामट्या वाकवून बसवायच्या. वाकलेली कामटी सरळ होऊ पाहते आणि त्या धडपडीत हवा तेथे, हवा तेवढा दाब देते. तसेच कडांभोवती फळी चिकटवण्यासाठी पंचवीस-तीस क्लॅम्प लागतात. एवढे विकत घेणे खर्चाचे. पण लाकडी रिळांसारख्या चकत्या, त्यांच्यातून जाणारा आट्यांचा बोल्ट, वर पंखाचा नट आणि वाद्याला ओरखडा येऊ नये म्हणून बुचाचे अस्तर, एवढ्यावर तेच काम उत्तम होते. लाकूड शेवटी गुळगुळीत करणारी पोलादी खरवडपत्री निकामी झालेल्या करवतीच्या पात्यातून कापता येते. तिची कड कानशीने सरळ करून कठीण पोलादी दांडीने घासली, की कडेला केसाएवढी वाकडी धार येते आणि ती लाकडाची कागदाहून पातळ साल काढते.

या सर्व साधनांत मिळून विकतचा माल थोडासाच आहे. बाकी आहे ती समज. ताळेबंदात यंत्रसामग्रीची रक्कम दिसते आणि तिच्यावर दरवर्षी घसारा लागतो. साधन घडवताना आलेली समज कोणत्याही रकान्यात दिसत नाही आणि तिच्यावर घसाराही लागत नाही.

फ्रेटची पट्टी आणि चक्रवाढीचा हिशेब

घसाऱ्याचा उल्लेख येथे केवळ दृष्टान्तासाठी नाही. गिटारीच्या मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, सतारीच्या भाषेत ज्यांना पडदे म्हणतात, त्या फ्रेटची अंतरे नेमकी घटत्या शिल्लक पद्धतीने चालतात. अभिजात गिटारीच्या तारेची लांबी सामान्यतः ६५० मिलिमीटर धरतात. तिला १७.८१७ ने भागले की ३६.४८ येतात, पहिला फ्रेट तेथे. उरलेल्या ६१३.५२ ला पुन्हा १७.८१७ ने भागायचे, की दुसऱ्या फ्रेटचे अंतर मिळते आणि शिल्लक राहते ५७९.०८. तिसऱ्यानंतर शिल्लक ५४६.५८. म्हणजे प्रत्येक पायरीला सुमारे ५.६१ टक्के वजावट. अशा बारा वजावटी झाल्या की शिल्लक उरते बरोबर अर्धी, ३२५. आणि अर्ध्या लांबीची तार म्हणजे वरच्या सप्तकाचा षड्ज. व्याजाचा हिशेब करणाऱ्या घरातील मुलाला हे गणित नव्याने शिकवावे लागत नाही.

पूर्वी हे गणित थोडे ढोबळ होते. शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे वडील विन्सेंझो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात अठरास सतरा हे प्रमाण सांगितले. १७.८१७ आणि १८ यांत फरक केवढासा! पण तो बारा वेळा साचतो. ६५० च्या तारेवर बारावा फ्रेट ३२५ ऐवजी ३२२.६ वर पडतो, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटरांची चूक. तार दाबल्यावर ती किंचित ताणली जाऊन स्वर चढतो, त्यामुळे या चुकीची काहीशी भरपाई होत असे आणि हा नियम शतकानुशतके चालून गेला. तरीही धडा स्पष्ट आहे : पायरीगणिक लहान वाटणारी तूट शेवटी कानाला कळते.

म्हणून जाणता कारागीर प्रत्येक गिटारीवर नव्याने मोजमाप करीत बसत नाही. तो एकदाच पितळेची किंवा पोलादाची एक फ्रेटपट्टी तयार करतो आणि तिच्यावरून पुढची सर्व वाद्ये आखतो. मोजताना प्रत्येक अंतर मागच्या फ्रेटपासून न घेता आरंभबिंदूपासून घ्यावे, म्हणजे एका जागेची चूक पुढच्या जागेवर चढत नाही. ही पट्टी अचूक असेल तर शंभर वाद्ये सुरेल होतील. तिच्यात खोट राहिली तर शंभरही बेसूर होतील, आणि दोष घेणाऱ्याच्या कानाला दिला जाईल.

येथे व्यापारी वाचकाला अचौर्य अणुव्रताचा अतिचार आठवल्यावाचून राहणार नाही. तत्त्वार्थसूत्राने 'हीनाधिकमानोन्मान' म्हणजे कमी-अधिक वजने-मापे ठेवणे हा त्या व्रताचा अतिचार सांगितला आहे. फ्रेटपट्टी हेही एक मापच आहे. दुकानातील तराजू जसा दररोज पारखावा लागतो, तशीच ही पट्टीही. आणि पारखण्याची रीत कारागिराच्या हाताशीच आहे. पट्टीची कड सरळ आहे की नाही पाहायचे असेल, तर तिच्या आधाराने एक रेघ ओढावी, मग पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंमधून दुसरी रेघ ओढावी. रेघा एकमेकींवर बसल्या तर कड सरळ. मध्ये फट दिसली तर वाकडी, आणि दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. गुण्याचा काटकोनही असाच उलटवून तपासता येतो. दुहेरी नोंदीच्या खतावणीत नावे आणि जमा या दोन बाजू जे काम करतात, तेच काम येथे या दोन रेघा करतात.

काय घ्यावे, काय घडवावे

याचा अर्थ सर्वच साधने घरी करावीत असा नव्हे. तोही एक हट्टच ठरेल. पोलादी फूटपट्टी, चांगला गुण्या, जाडी मोजण्याचे उपकरण, रंध्याचे पाते ही विकतच घ्यावीत आणि त्यांत काटकसर करू नये. कारण बाकीची सर्व साधने त्यांच्याच भरवशावर तयार होतात. साचे, सोलेरा, क्लॅम्प, कामट्यांचा सांगाडा, खरवडपत्री आणि फ्रेटपट्टी घरी करावी. लाकडाची बारीक भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर पट्टी बांधावी आणि तापलेल्या नळीजवळ लहान मुलांना येऊ देऊ नये.

दुसरी दक्षता अधिक महत्त्वाची. हौसेची सुरुवात झाली की हत्यारांची यादी वाढू लागते. प्रत्येक नव्या वस्तूने काम सुधारेल असे वाटते आणि कपाट भरते. गिटार मात्र होत नाही. हा परिग्रहच होय, फक्त त्याला कलेचे नाव मिळालेले असते. जो स्वतः साधन घडवतो, त्याच्याकडे हा मोह आपोआप रोखला जातो, कारण एक साधन करायला दोन रविवार जातात. त्यामुळे खरोखर लागेल तेवढेच तो करतो. परिग्रहपरिमाण शिकवण्याचा हा मार्ग उपदेशाहून अधिक परिणामकारक आहे.

लाकूड, सरस आणि लाख

साधनांच्या शुद्धीबरोबर सामग्रीच्या शुद्धीचाही विचार जैन घरात व्हायलाच हवा. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म, दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांची गणना आहे. आश्चर्य असे की, जुन्या मौल्यवान गिटारीत या तिन्हींचा संबंध येतो. तार जेथे टेकते त्या पट्टीसाठी हस्तिदंत वापरला जाई. अभिजात गिटारीला उत्तम झिलई येते ती लाखेच्या पॉलिशने; आणि लाख हा किड्यांचा स्राव असून ती काढताना असंख्य जीव नष्ट होतात. सांधे जोडण्यासाठी जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरीत. तारा तर मेंढ्यांच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्याची तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी राखून ठेवली गेल्याने तिचा तुटवडा पडला. तेव्हा न्यूयॉर्कमधील अल्बर्ट ऑगस्टिन यांनी, थोर वादक आंद्रेस सेगोविया यांच्या प्रोत्साहनाने, नायलॉनच्या तारा विकसित केल्या. आज अभिजात गिटारीवर सर्वत्र बहुधा त्याच दिसतात. म्हणजे अहिंसक पर्याय शोधल्याने संगीताची हानी झाली नाही.

बाकीच्यांनाही पर्याय आहेत. हस्तिदंताऐवजी पितळ चालते, सरसाऐवजी पांढरा कृत्रिम गोंद चालतो, लाखेऐवजी वनस्पतिजन्य तेलाचे हात देता येतात. यांत काही उणेही पडते, हे मान्य करावे. सरसाचा सांधा उष्णता आणि ओलावा देऊन दुरुस्तीसाठी सहज उघडता येतो. कृत्रिम गोंदाचा तितका सहज उघडत नाही. व्रत पाळताना अशी थोडी गैरसोय स्वीकारावीच लागते.

लाकडाबाबत तर आता कायदाही जागा झाला आहे. शिसवीच्या संपूर्ण डाल्बर्जिया कुलाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७ पासून नियंत्रित करण्यात आला. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. अमेरिकेतील टेलर या गिटार उद्योगाने २०११ मध्ये स्पेनमधील एका लाकूड-व्यापारी संस्थेच्या भागीदारीत कॅमेरूनमधील आबनुसाची गिरणी घेतली. तेथे संस्थापक बॉब टेलर यांच्या ध्यानात आले की, बाजाराला फक्त काळेभोर आबनूस हवे असल्याने, तोडल्यावर ज्यांत फिकट रेषा आढळत ती झाडे जंगलातच टाकून दिली जात. त्यांनी रेषांचे लाकूडही आपल्या गिटारींत वापरण्यास सुरुवात केली. लाकूड तेच, आवाजही तोच. बदलायची होती ती ग्राहकाची नजर. स्वतःची यंत्रे आणि साचे स्वतः घडवण्यासाठी टेलर प्रसिद्ध आहेत. साधनाशी एवढी जवळीक असलेल्याला वाया जाणारा माल लवकर दिसावा, यात नवल नाही.

ठेवण्या-उचलण्याचा विवेक

मराठीत 'हत्यार' हा शब्द शस्त्रालाही चालतो आणि सुताराच्या पटाशीलाही. जैन विचाराने हा धोका फार पूर्वीच ओळखला आहे. हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, म्हणजे हिंसादान, हे अनर्थदंडाच्या प्रकारांत गणले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आस्रवाचे जे अजीव अधिकरण सांगितले आहे, त्यात 'निर्वर्तना' म्हणजे घडवणे आणि 'निक्षेप' म्हणजे ठेवणे यांचा समावेश आहे. निक्षेपाचे चार दोष तर प्रत्येक कार्यशाळेच्या भिंतीवर लिहावेत असे आहेत : न पाहता ठेवणे, नीट न पुसता ठेवणे, घाईने ठेवणे आणि बेसावधपणे ठेवणे. धारदार पटाशी या चारांपैकी कोणत्याही एका रीतीने ठेवली, तर प्रथम तिची धार जाते, मग एखाद्याचे बोट, आणि न दिसणाऱ्या एखाद्या जीवाचा प्राण तर केव्हाच गेलेला असतो. मुनिजन पिच्छी आणि कमंडलू ज्या सावधपणे उचलतात व ठेवतात, त्या आदाननिक्षेपण समितीचा अंश श्रावकाच्या कामाच्या बाकावरही असू शकतो. आणि स्वतः घडवलेली वस्तू माणूस सहसा फेकून ठेवत नाही.

असिपासून शिल्पाकडे

महाराष्ट्रातील एक उदाहरण या विषयाला साजेसे आहे. मिरजेतील सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. शस्त्रे घडवणे आणि त्यांना धार लावणे हा त्यांचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढायांचे दिवस सरले, तलवारींची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी आपले हात वाद्यांकडे वळवले. पोलादाची जाण हाताशी होतीच. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांनी पुढचे काम केले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ऋषभदेवांनी सांगितलेल्या सहा कर्मांपैकी असि हे कर्म येथे शिल्पात विसर्जित झाले. तलवारीला धार देणाऱ्या हातांनी षड्जाला आधार द्यावा, यापरते हत्याराचे भाग्य कोणते?

तेव्हा जेवणाच्या पंगतीत तो प्रश्न पुन्हा निघाला, तर "बाजारात मिळत नाहीत का?" या प्रश्नानंतर वडीलधाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : "तुझी पट्टी तू उलटवून पाहिलीस का?" मुलाने ती उलटवून पाहिली असेल, फट दिसल्यावर कानशीने पुन्हा घासली असेल आणि रेघा जुळेपर्यंत हे केले असेल, तर त्याची गिटार कधी पूर्ण होवो वा न होवो, पेढीची वजने-मापे त्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवता येतील.